वाचक विचारतात : परदेशातून आणलेल्या वस्तू आणि आपलं सॉकेट

प्रश्न : नमस्कार. मुलगा न्यू जर्सीहून येताना इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन आलाय, सोबत इलेक्ट्रिक टूथब्रश आणि फोनचा चार्जर पण आहे. तिन्हीच्या पिना चपट्या. बाजारातून अ‍ॅडाप्टर आणलाय, त्यात पिना व्यवस्थित बसतात. मुलगा म्हणतो थांब आधी कुणाला तरी विचार. तर वापरू का?
— एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, मुलाचं ऐका. तो अ‍ॅडाप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, आतला करंट जसाच्या तसा पुढे जातो, आणि अमेरिकेत घरात 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. तेव्हा आधी कुकर उलटा करून बुडाखालचं किंवा मागचं लेबल बघा, बारीक अक्षर असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. त्यावर 100-240 असं लिहिलं असेल तर बिनधास्त लावा. फोनच्या चार्जरवर हमखास हेच सापडेल. टूथब्रशच्या स्टँडवर मात्र नीट बघा, कारण काही स्टँड नुसत्या 120 चे असतात.

कुकरवर बहुतेक 120V 60Hz 1000W एवढंच असेल. असा कुकर आपल्या सॉकेटला लावला तर व्होल्टेज दुपटीच्या जवळ जातं, पण तापणाऱ्या कॉइलमध्ये उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे 1000 वॉटची कॉइल साडेतीन हजार वॉटच्या वर ओढायला बघणार, आणि त्याच्या आधी बटणांच्या मागचं सर्किटच धूर काढून बसेल. बरं, अ‍ॅडाप्टरवर 250V छापलेलं असतं ना, ते बघून लोक फसतात, ते अ‍ॅडाप्टर स्वतः किती सहन करू शकतो त्याबद्दल आहे, तुमच्या कुकरबद्दल नाही.

वापरायचाच असेल तर 230 चे 110-120 करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, 1000 वॉटसाठी निदान 1500 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, जड धूड असतं ते, ओट्यावर जागा अडवतं आणि चालू ठेवलं की रिकामं असतानाही थोडी वीज खातं. प्रवासात न्यायचे हातात मावतील एवढे छोटे ‘कन्व्हर्टर’ मिळतात, त्यातले बरेच साध्या तापणाऱ्या वस्तूंपुरतेच असतात, बटणं नि डिस्प्ले असलेल्या वस्तूंना ते लावू नका. खरं सांगू का, इथलाच 230 चा कुकर घ्या आणि तिकडचा मुलाला परत नेऊ द्या. वाईट वाटेल त्याला थोडं, पण चालतंय.

प्रश्न : मिस्टर दुबईला असतात. तिकडून किटली आणि इस्त्री आणलीय, प्लगला तीन चौकोनी जाड पिना आहेत. अ‍ॅडाप्टर लावून किटली चालते पण अ‍ॅडाप्टर गरम होतो आणि प्लास्टिकचा वास येतो. आमचा वायरमन म्हणतो प्लग कापून आपला लावू. कापू देऊ का? गॅरंटी जाईल ना?
— एक ताई, रत्नागिरी

उत्तर : ताई, वास येतोय म्हणजे आजच बंद करा, आणि वायरमनदादा बरोबर बोलतायत. दुबईचा करंट आपल्यासारखाच, 230 च्या आसपास आणि 50 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला विजेचे 50 हेलकावे), त्यामुळे वस्तूला काही धोका नाही, अडतंय ते फक्त प्लगवर. पण किटली 2000 ते 3000 वॉटची असते, ती 9 ते 13 अँपिअर ओढते, आणि बाजारातले स्वस्त मल्टी-अ‍ॅडाप्टर 6 नाहीतर 10 अँपिअरचे, आतली पत्र्याची पकड सैल, मग तापणारच.

कापून 16 अँपिअरचा आयएसआय मार्कचा मोठा प्लग लावून घ्या आणि किटली फ्रिज-गिझरला असतं तसल्या मोठ्या सॉकेटवरच चालवा, शेजारच्या छोट्या 5 अँपिअरवाल्यावर नाही. इस्त्रीचंही तेच. गॅरंटीचं म्हणाल तर प्लग कापल्यावर कंपनी हात वर करू शकते, पण वितळलेल्या अ‍ॅडाप्टरपेक्षा ते परवडलं.

वायरमन काम करताना तेवढं शेजारी उभं राहून बघा. वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. अर्थिंगची वायर आत इतर दोघींपेक्षा जरा लांब ठेवायला सांगा, म्हणजे कधी हिसका बसला तर ती सगळ्यात शेवटी सुटते. बाहेरचं जाड आवरणही प्लगच्या पट्टीखाली दाबलेलं हवं, नाहीतर सगळा ताण स्क्रूवर येतो.

आणि हे खास अमेरिकेहून 100-240 वाली वस्तू आणणाऱ्यांसाठी, कारण यात जुनेजाणते वायरमनही गडबडतात : तिकडच्या वायरीत काळी असते ती फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल. काळी दिसली की न्यूट्रलला जोडायची सवय हाताला असते, तिथेच उलटंपालटं होतं.

प्रश्न : जर्मनीहून आणलेला लॅपटॉप चार्जिंगला असला की मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तिकडे असं होत नव्हतं. लॅपटॉप बिघडला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. जर्मन प्लगला गोल पिना दोनच, अर्थिंग त्याच्या कडेच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर असतं. आपल्याकडचे बहुतेक अ‍ॅडाप्टर त्या दोन पिनाच पुढे नेतात, पट्ट्या हवेतच राहतात, म्हणजे अर्थिंग गेलं. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट गळत असतो, तो जमिनीत जायचा तो आता बॉडीवर येऊन तुमच्या हाताला लागतो. लॅपटॉपच्या बाबतीत एवढ्यावर भागतं, पण मेटल बॉडीची इस्त्री किंवा टोस्टर अशा अ‍ॅडाप्टरवर लावलात आणि आत वायर सुटली तर जिवावर बेतेल.

यावर उपाय स्वस्त आहे. चार्जरच्या डब्यापासून भिंतीपर्यंतची वायर बऱ्याचदा सुटी निघते, तीन गोल भोकांची असेल तर तसलीच इथली तीन पिनांची वायर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते. ती लावूनही झिणझिण्या आल्या तर मग घराचं अर्थिंगच तपासून घ्या, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघा.

आणि हो, सॉकेटच्या वरच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून झडप उघडायची आणि दोन पिना कोंबायच्या, हे घरोघरी चालतं, ते कृपया बंद करा. उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी खोचणाऱ्यांना तर मी काय बोलणार!

प्रश्न : बहिणीने शिकागोहून दिलेलं डिजिटल घड्याळ ट्रान्सफॉर्मरवर लावलंय, पण वेळ मागे पडते. का?
— नाशिक

उत्तर : ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. तिकडे 60, इथे 50. काही घड्याळं विजेचे हेलकावे मोजून वेळ चालवतात, त्यांना इथे सहातले पाचच मिळतात, म्हणून तासाला 10 मिनिटं मागे. पाठीमागे 50/60 असं छोटं बटण आहे का बघा, असेल तर 50 वर करा. नसेल तर ते शोभेला ठेवा.