जाताना आठ तास, येताना सात: असं का?

प्रश्न: लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जेएफके यांच्यातलं अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे सहा-सव्वासहा तासांत संपायला हवं. मग वेळापत्रकात जाताना साधारण आठ आणि येताना सात तास का दाखवतात?

उत्तर: मुख्य कारण वारा. तुम्ही धरलेला ९०० हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भातला आहे. ज्या उंचीवरून विमानं जातात तिथे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिचा सरासरी परिणाम ताशी १०० किलोमीटर धरला, तर न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीवरचा वेग ८०० उरतो आणि सुमारे ६ तास ५५ मिनिटं लागतात. परतताना तो १,००० होतो आणि साडेपाच तासांत काम होतं. जाता-येता वारा फिटंफाट होतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही: उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, त्यामुळे तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा असतो.

या आकड्यांवर साधारण तास-सव्वा तास चढवा. वेळापत्रकातली वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं टॅक्सीइंग (जमिनीवरून हळूहळू जाणं), चढण-उतरणीतला कमी वेग, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या आणि कंपनीने राखलेली थोडी सवड येते. शिवाय विमान अगदी सर्वांत जवळच्या मार्गाने क्वचितच जातं. उत्तर अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखतात, पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या विमानांसाठी वेगवेगळे.

प्रश्न: असं अंतर स्वतः कसं काढायचं?

उत्तर: नकाशावर पट्टी ठेवून मात्र नको, सपाट नकाशा उत्तरेकडे ताणलेला असतो. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.५०९५. दोन्ही कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा (७३.३३) कोसाइन, या तिघांचा गुणाकार ०.१३५६. बेरीज ०.६४५१. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन ४९.८३ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे ५,५४० किलोमीटर.

उत्तर भलतंच आलं, तर आधी कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याचं दुसरं एकक) आहे का ते बघा. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असेल, तर फरक काढताना वजाबाकी नव्हे, बेरीज करायची. बेरीज १८०च्या वर गेली तर ती ३६०मधून वजा करा. पृथ्वी अगदी गोल नसल्यामुळे या रीतीत साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. वेळेच्या अंदाजाला ती नगण्य आहे.

प्रश्न: तिकिटावर सुटण्याची वेळ १०, पोहोचण्याची १३. प्रवास तीनच तासांचा?

उत्तर: नाही. दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे, म्हणून प्रवास आठ तासांचा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरअखेरीस काही दिवस हा फरक चारच तासांचा असतो, कारण दोन देश घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या दिवसांत हिशेब पुन्हा करा.