जुन्या युरोपियन पोर्ट्रेट्समध्ये बायकांनी घातलेले तुर्की कपडे खरे असायचे का?

बरेचसे नसायचे. एवढं ठामपणे सांगतेय कारण या प्रश्नापायी माझं नऊ मीटर साटीन वाया गेलंय.

मी नाटकांचे कपडे शिवते. एका हौशी ग्रुपच्या नाटकात सुलतानाची आई होती, दिग्दर्शकाने मोबाईलवर एक चित्र पाठवलं, म्हणे सेम टू सेम असंच पाहिजे. तांबूस रंगाचा सैल अंगरखा, आत पांढरी शमीज, भरतकामाचा पट्टा, डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलेलं, आणि बाई सोफ्यावर रेललेली. शिवला. रंगीत तालमीला आमची राजमाता तख्तावर बसली होती तोवर झकास, उठली आणि खांदा घसरला, पट्टा सुटला, एका हाताने कपडे धरून ती हुकूम सोडतेय. सगळे हसले आणि दिग्दर्शक माझ्यावर डाफरला, कटिंग चुकलं म्हणून.

घरी येऊन शोधलं तर ती बाई मिसेस गेज, अमेरिकेतल्या ब्रिटिश सरसेनापतीची बायको! न्यूयॉर्कला १७७१ मध्ये कॉप्ली नावाच्या अमेरिकन चित्रकाराने काढलेली. त्याने तेव्हा युरोपसुद्धा बघितला नव्हता, तुर्कस्तान लांबच राहिलं. फॅशन होती ती, मुखवटे घालून नाचायच्या पार्ट्यांमधली, शिवाय त्या आवळलेल्या कॉर्सेटशिवाय ऐसपैस रेलता यायचं. फ्रेंच चित्रकार व्हान लूने मादाम द पाँपादूरला, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या प्रेयसीला, सुलताना करून कॉफी पीत बसवलंय, तीही काही इस्तंबूलला गेली नव्हती.

हे सांगितलं तर साहेब म्हणतात, 'पण चित्र त्याच काळातलं आहे ना?' अहो, म्हणून खरं होतं का? उद्या कुणी रेडिमेड शिवलेल्या नऊवारीतल्या रील बघून पेशवाईतलं लुगडं कसं नेसायचे ते ठरवलं तर चालेल?

आता सगळंच खोटं असंही नाही. लिओतार हा स्विस चित्रकार १७३८ ते ४२ कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे इस्तंबूललाच, राहिलेला, दाढी वाढवून तुर्की वेशात युरोपात फिरायचा. शिवायचंच असेल तर त्याने तिथे असताना काढलेली चित्रं समोर ठेवा. लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज बाईचंही चालेल, तिचा नवरा तिथे ब्रिटिश राजदूत होता. आणि हो, मिसेस गेजचे वडील जन्मले स्मर्नाला, म्हणजे तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यातच, तेव्हा तिचा तुर्कस्तानशी काहीच संबंध नव्हता असं मी म्हणणार नाही.

पण माझं कटिंग चुकलेलं नव्हतं.