मामाचं वजन ३८ किलो आहे, टीबीच्या तीन गोळ्या त्याला जास्त होतात का?

तुम्ही लिहिलंय की मामांना फुफ्फुसाचा टीबी निघालाय, उंची पाच फूट दोन इंच, वजन ३८ किलो, रोज तीन गोळ्या चालू आहेत, आणि आजी म्हणते, "अंगात नुसती हाडं उरलीत, तीन गोळ्या सोसणार कशा? एक कमी कर." आजीची माया खरी, हिशेब मात्र उलटा आहे. मी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता आहे. खिडकीपलीकडून हेच वाक्य कितीदा ऐकलंय, मोजदाद नाही.

सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या एका गोळीत चार औषधं असतात: रिफाम्पिसिन १५० मिग्रॅ, आयसोनियाझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५. २५ ते ३४ किलोला दोन गोळ्या, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. रिफाम्पिसिन किलोमागे ८ ते १२ मिग्रॅ पडायला हवं. मामांना तीन गोळ्यांतून जवळपास १२ पडतं. एक गोळी काढलीत की ते ८ च्याही खाली जातं.

म्हणजे १२ ही वरचीच हद्द झाली, असं वाटेल. पण औषध मोडण्याचा आणि बाहेर टाकण्याचा वेग वजन घटलं म्हणून तेवढाच घटत नाही. लहान शरीर किलोमागे औषध लवकर संपवतं. लहान मुलांना रिफाम्पिसिन किलोमागे १५ मिग्रॅच्या आसपास देतात ते त्यामुळेच. शिवाय जुलाब होत असतील, आतडं नीट शोषत नसेल, तर गिळलेलं सगळं रक्तात पोचतही नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने मुलांच्या रक्तातली पातळी मोजली, तेव्हा वय, पोषण आणि आयसोनियाझिड मोडण्याचा जन्मजात वेग, तिन्हींचा परिणाम दिसला. मोठ्या माणसांतले अभ्यास मात्र एका सुरात बोलत नाहीत. कुपोषणात रक्तातली प्रथिनं घटली की औषधाचा मोकळा (प्रथिनांना न चिकटलेला, प्रत्यक्ष काम करणारा) भाग वाढतो, त्यामुळे रक्तातल्या औषधाचा नुसता एकूण आकडा फसवा ठरू शकतो.

आजीच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, ते यकृताबाबत. खंगलेल्या माणसाच्या यकृताला या गोळ्यांचा त्रास होण्याची शक्यता जास्त. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासनाच उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गोळ्या थांबवायच्या की नाही ते त्यांनी ठरवायचं, घरच्यांनी नाही. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, तिला घाबरू नका. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-६ ची गोळी चालू आहे का ते विचारा.

आता "गोळ्या गरम पडतात, भरपेट जेवून घे" हा सल्ला. जेवणासोबत घेतलं की रिफाम्पिसिनची रक्तातली सर्वोच्च पातळी चांगलीच खाली येते. म्हणून सकाळी अनशापोटी गोळ्या आणि तासाभराने नाश्ता. पोटाला सोसतच नसेल तर थोडं खाऊन घेतलेली गोळी चुकवलेल्या गोळीपेक्षा कधीही बरी. ॲसिडिटीचं पातळ औषध मात्र गोळ्यांबरोबर देऊ नका, दोनेक तास अंतर ठेवा.

खाणं तर हवंच. मद्रासमध्ये १९५० च्या दशकात झालेल्या चाचणीत घरी निकृष्ट जेवणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्यांइतकेच (टीबीच्या खास रुग्णालयात राहणाऱ्यांइतकेच) औषधाने बरे झाले होते. म्हणून "आधी अंग भरू दे, मग औषध" असं करू नका. औषधाबरोबर खाण्याचाही फायदा होतोच: झारखंडच्या अभ्यासात रुग्णांना दर महिन्याला १० किलो शिधा दिला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसला. मामांच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो. निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या सरकारी आहार-मदत योजनेचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतात का तेही आशाताईंना विचारा; नोव्हेंबर २०२४ आधी ते ५०० होते.

आणि दर महिन्याला चप्पल काढून वजन करून घ्या, कार्डावर लिहिलं जातंय ना ते स्वतः बघा. वजन पाच किलोहून जास्त वाढून पुढच्या गटात गेलं तर गोळ्यांची संख्याही वाढवावी लागते. खिडकीवर गर्दी असली की जुन्याच आकड्यावर गोळ्या दिल्या जातात, हे मी आमच्याच खात्याबद्दल सांगतोय.