धूर की धूळ

चि. मुली,

नेट परीक्षा सुटली, तत्त्वज्ञानातल्या पीएच.डी.चा विषय ठरला: ज्ञान आणि प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी होणारं ज्ञान. आता विचारतेस, संस्कृत शिकण्यात दोन वर्षं घालवू, की भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक मतिलाल यांच्या इंग्रजी पुस्तकावर भागवू? भागवू! चहा गार झाला माझा.

अगं, बिमलकृष्ण मतिलालांनी स्वतः नाही भागवलं. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात शिकवता शिकवता पंडितांपुढे बसले, 1962 ला तर्कतीर्थ ही न्यायशास्त्राची पारंपरिक पदवी घेतली, 1965 ला हार्वर्डची पीएच.डी. ऑक्सफर्डचं अध्यासन 1976 ला, प्रत्यक्षावरचा तो ग्रंथ 1986 ला. क्रम बघ. मूळ ओळ आधी.

न्यायसूत्र हा तर्क आणि ज्ञान यांवरचा मूळ संस्कृत ग्रंथ. त्यातलं प्रत्यक्षाचं लक्षण एका ओळीचं. त्यातल्या 'व्यवसायात्मक' शब्दावर (इथे व्यवसाय म्हणजे निश्चय, धंदा नव्हे) भाष्यकार वात्स्यायन सांगतो: लांबून काहीतरी दिसतंय, धूर की धूळ ठरत नाही. डोळा आणि वस्तू यांची गाठ पडली आहे, तरी हे प्रत्यक्ष नव्हे. मी प्रबंधात इंग्रजी अनुवादावरून 'निश्चित' लिहून पुढे सरकलो. तोंडी परीक्षेत एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी विचारलं, "निश्चित काय? वस्तू, की ज्ञान?" मी पाणी मागितलं. पदवी मिळाली म्हणा.

खरा आणि सकारण विश्वास म्हणजे ज्ञानच का, हे विचारणारा गेटियरचा 1963 चा तीन पानी लेख तुला पाठ आहे, छान. तत्त्वज्ञ श्रीहर्षाचा जुगारीही ऐकून असशील: मिटलेल्या मुठीत कवड्या किती? तो ठोकून देतो, पाच. निघतात पाचच. हे ज्ञान का? बाराव्या शतकातला गेटियर म्हणून लगेच प्रकरण पाडू नकोस! गेटियरच्या माणसाकडे निदान कारण असतं, या जुगाऱ्याकडे काहीच नाही. सारांशात हा फरक पुसला जातो. म्हणून मूळ ओळ.

1983 मध्ये तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी पुण्यात ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचं 'प्रपोझिशन' (विधान) पंडितांपुढे ठेवलं, चर्चा संस्कृतात. मी पुण्यातच होतो. काही कळणार नाही म्हणून घरी बसलो. ते अजून खातं मला. मग चाळिशी उलटल्यावर धातुरूपं घोकली. बढतीच्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता. जन्मभरात लेख सातच, प्रोफेसरकी हुकली, लोक आळशी म्हणाले. म्हणोत. सातांपैकी एकही उसन्या ओळीवर उभा नाही.

तुझी फेलोशिप पाच वर्षांची, हेही खरं. माझं ऐकून अडकलीस तर शिव्या मलाच घाल.

रविवारी सकाळी ये. न्यायसूत्राचा पहिला अध्याय, चौथं सूत्र. वही आण, अनुवाद घरी ठेव.