वाचनालयाची दाखल नोंदवही जुन्या मराठी फॉन्टात एक्सेलमध्ये आहे; ती कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये कशी न्यावी?

आधी फॉन्ट सोडवा, कोहा नंतर. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. तसाच चढवला तर 'ययाति' शोधून काहीच सापडत नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि रफार, 'ऱ्य' व जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. घोटाळा तिथेच होतो.

मग मार्कएडिट या सॉफ्टवेअरने एक्सेलचं मार्क 21 (ग्रंथनोंदींचा प्रमाणित साचा) करा; त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचा रकाना असतो: लेखक 100, ग्रंथनाम 245, प्रतीचा तपशील 952. 952 मधला शाखा-कोड कोहात आधी बनवलेला नसेल तर ग्रंथाची नोंद चढते, प्रत चढत नाही. म्हणून आधी पन्नास नोंदींची चाचणी घ्याच. बारकोडसाठी दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांतच ठेवा. कोड 39 या बारकोड प्रकारात देवनागरी आकडे बसत नाहीत.

कोहात शोधासाठी झेब्रा हे इंजिन वापरत असाल तर अनुक्रमणीसाठी (शोधसूची बनवण्यासाठी) आयसीयू ही युनिकोड हाताळणारी प्रणाली निवडा, नाहीतर देवनागरी शोध नीट चालत नाही. बदल केल्यावर पूर्ण अनुक्रमणी पुन्हा बांधावी लागते.

आरएफआयडीची (ग्रंथाला रेडिओ-चिप लावण्याची) घाई नको. छोट्या संग्रहाला बारकोड पुरतो.

खरा फायदा पुढे आहे. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. कोल्हापुरातली वाचनालयं जुनी, संग्रह दुर्मिळ. सगळ्यांच्या नोंदी मार्क 21 मध्ये असतील तर संयुक्त तालिका (सगळ्या वाचनालयांची एकत्र ग्रंथयादी) करता येते, आणि करवीर नगर वाचन मंदिरात एखादा ग्रंथ आहे का हे पेठेतल्या वाचकाला घरबसल्या कळू शकतं.