टाइलवर ग्लेझ (भट्टीत वितळून चकचकीत होणारा लेप) आणि काच वितळवून चित्र करायचं आहे. ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते, घरच्या ओव्हनवर जमेल का?

ओव्हनवर नाही जमणार. ओटीजी 250 अंशांच्या आसपास थांबतो आणि बाटलीची काच टाइलवर नीट पसरायला साधारण 1000 अंश सेल्सियस लागतात. पण बेत सोडू नका. टाइल घरी घडवा, भाजायला जवळच्या पॉटरी स्टुडिओत द्या. काच घालणार आहात हे मात्र आधीच सांगा. ती ओघळली तर भट्टीतल्या फळीला कायमची चिकटते.

वितळलेली काच वाहते, म्हणून चित्राच्या रेषा मातीच्या उंच कडांनी बांधून घ्या. पहिल्या भाजणीनंतर मधल्या खळग्यांत ग्लेझ, तो वाळला की काचेचा चुरा. मग दुसरी भाजणी, तेव्हा टाइल भट्टीत अगदी सपाट हवी. तांब्याच्या हिरव्या ग्लेझवर बिनरंगी काच वितळली की रंगाला जी खोली येते, ती नुसत्या ग्लेझला येत नाही. हे एकदा करून बघाच!

थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आकसते, त्यामुळे आत बारीक तड्यांचं जाळं पडतं. माझ्या मते तेच या कामाचं सौंदर्य. पण कपच्या निघू शकतात, म्हणून टाइल भिंतीवरच लावा, खाण्यापिण्यासाठी नको.

बाटली जाड कापडात गुंडाळून फोडा, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच. ओली टाइल वाळताना तिचे कोपरे वर वळतात. ती दोन लाकडी फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून दाबून ठेवा, कागद रोज बदला.