गणपतराव देशमुख अकरा वेळा कसे निवडून आले, आणि त्यांचे स्मरण नेमके कशासाठी करावे?

एकाच मतदारसंघाने एकाच माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवावे असे सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांमध्ये नेमके काय होते, आणि त्यांच्या स्मृतीचा सन्मान करायचा तर तो कोणत्या कामासाठी करायचा, असे आपण विचारले आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात माण नदीच्या काठी असलेल्या एका गावचा. सारी नोकरी शिक्षक म्हणून केली आणि आता निवृत्त आहे. त्यांच्या पक्षाचा मी कधीच सभासद नव्हतो. मात्र एकदा नव्हे, अनेकदा मी त्यांना मत दिले आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते एका मतदाराचे म्हणणे म्हणून वाचावे.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातील पेनूरचे. वकिलीचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात आले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) लाल बावट्याखाली १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा एकूण अकरा निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७२ आणि १९९५ या दोन निवडणुकांत ते पडले. सभागृहातली वर्षे मोजली तर ती पन्नासाच्या आसपास भरतात. दोनदा ते मंत्री झाले, १९७८च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकीचा जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकांवर गेला. २०१९ची निवडणूक त्यांनी वयोमानामुळे लढवली नाही, आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

येथे एक दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते, कारण श्रद्धांजलीच्या लेखांत अकरा विजय हा देशातला, कधीकधी तर जगातला विक्रम म्हणून सांगितला जातो. केरळमधील के. एम. मणी हे १९६५ ते २०१६ या काळात एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते, आणि तमिळनाडूचे करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून तेरा वेळा. आबासाहेबांना (तालुक्यात त्यांना सगळे याच नावाने ओळखत) मोठे ठरवण्यासाठी चुकीच्या आकड्याची गरज नाही. शिवाय मणी आणि करुणानिधी हे आपापल्या राज्यात सत्तेच्या केंद्रस्थानी असलेले नेते होते, तर शेकापचे आमदार अनेकदा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच असत. सत्ता हाती नसताना, मंत्रालयात आपले सरकार नसताना, तालुक्यातले लोक पुन्हा पुन्हा त्याच माणसाकडे का वळले, हाच आपल्या प्रश्नातला खरा भाग आहे.

याचे उत्तर म्हणून बहुतेक जण त्यांच्या साधेपणाकडे बोट दाखवतात. ते एसटीने फिरत, आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनावर बसून मुंबई गाठत, त्यांचा पोशाखही शेवटपर्यंत साधाच राहिला, हे सगळे खरे आहे. त्या साधेपणाचा मला आदर आहे. तरीही केवळ त्यासाठी कोणी पन्नास वर्षे मत देत नाही. साध्या माणसाला लोक नमस्कार करतात, पण मत देताना ते आपल्या विहिरीचा तळ पाहतात. आबासाहेबांच्या साधेपणाचा उपयोग वेगळाच होता: निवडणूक लढवायला त्यांना कोणा कंत्राटदाराच्या किंवा कारखानदाराच्या पैशाची गरज पडली नाही, आणि म्हणून निवडून आल्यावर कोणाचे देणे फेडावे लागले नाही. त्यांचे कार्यकर्ते प्रचाराला येताना फडक्यात भाकरी बांधून आणत, हे मी लहानपणी आमच्या गावात पाहिले आहे.

आमचा तालुका पर्जन्यछायेत आहे. माण नदी नकाशावर निळी दिसते, पण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच असे. १९७२च्या दुष्काळात माझी आई इतर बायकांबरोबर खडी फोडायला जात होती, आणि सायंकाळी घरी लाल मिलोची, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीची, भाकरी असे. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव मला आजही आठवते. त्या दुष्काळातल्या कामांतून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरवणारा तो कायदा दुष्काळी भागातल्या प्रत्येक आमदारासाठी मोठे साधन होते. मात्र कायदा झाला म्हणून कामे आपोआप निघत नाहीत. काम मागूनही ते मिळाले नाही, मजुरीचे वाटप थकले, पाझर तलाव अर्धवट राहिला, अशा तक्रारी घेऊन गावकरी जात आणि आबासाहेब त्या घेऊन तहसीलदारापासून सभागृहापर्यंत जात. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीचा प्रश्न सभागृहात विचारला जातो, ही गोष्ट त्या बाईच्या मुलाला किती मोठी वाटते हे बाहेरच्या माणसाला सांगून समजणे कठीण आहे.

दुष्काळी कामे ही तात्पुरती सोय होती. तालुक्याला हवे होते ते पाणी. कृष्णा नदीचे पाणी आमच्यापासून दूर आणि सखल भागात, आणि आमची जमीन उंचावर, म्हणजे कालव्याने ते आपसूक येणे शक्य नव्हते. पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलूनच आणावे लागणार होते. राज्यांमधला कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राला दिले होते, आणि मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार असल्याने तोपर्यंत ते अडवून वापरात आणण्याची घाई होती. त्यासाठी १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. ते पाणी धरणांच्या जवळच्या, आधीच ओलिताखाली असलेल्या भागातच जिरणार की सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांनाही त्याचा वाटा मिळणार, हा खरा संघर्ष होता. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीला दुष्काळी पाणी परिषदा भरवल्या आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. माझ्या मते आबासाहेबांच्या आयुष्यातले हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण आपल्या तालुक्यापुरते पाणी मागणारे आमदार पुष्कळ असतात. शेजारच्या जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांबरोबर उभे राहून वाटपाचे तत्त्वच बदला असे म्हणणारे फार थोडे असतात.

हे काम सभागृहात कसे चालते, ते तरुण वाचकांना ठाऊक असावे म्हणून थोडे सविस्तर सांगतो. विरोधी बाकांवरच्या आमदाराच्या हाती निधी नसतो. त्याच्या हाती मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारा तारांकित प्रश्न असतो, तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना असते, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरची कपात सूचना असते आणि औचित्याचा मुद्दा असतो. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन कामकाजात नोंदले जाते, आणि पुढच्या अधिवेशनात तेच पान उघडून त्याचे काय झाले असे विचारता येते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांची कामे निधीअभावी वर्षानुवर्षे रेंगाळली. सरकारे बदलली, मंत्री बदलले, आणि आमच्या आमदाराचा प्रश्न मात्र बदलला नाही. नव्या मंत्र्याला जुनी फाइल कोणी समजावून सांगायची, तर ती पहिल्या पानापासून पाठ असलेला माणूस समोरच्या बाकावर बसलेला असे. एकाच माणसाला इतक्या वेळा निवडून देण्याचा लाभ असेल तर तो हाच. सुमारे ऐंशी गावांना पिण्याचे पाणी देणारी शिरभावीची प्रादेशिक योजना हेदेखील अशाच चिकाटीचे फळ आहे.

सूतगिरणीविषयी थोडक्यात सांगतो. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तेथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, आणि राज्यातल्या अनेक सहकारी गिरण्या बंद पडत असताना ती चालवून दाखवली. पुढे स्त्रियांची वेगळी सहकारी सूतगिरणीही निघाली. ऊसतोडीला किंवा मुंबईला न जाता तालुक्यातच पगार मिळणे ही आमच्याकडच्या कुटुंबांसाठी नवी गोष्ट होती.

१९९५चा पराभव मात्र मला थांबून सांगितला पाहिजे. अवघ्या १९२ मतांनी ते पडले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, तीन दशकांहून अधिक काळ राजकारणात घालवलेला, एवढ्या निसटत्या फरकाने हरल्यावर खचला असता तर कोणी दोष दिला नसता. ते मात्र पूर्वीसारखेच एसटीने गावोगाव फिरत राहिले, आणि त्याच काळात पाण्याच्या परिषदांना अधिक वेळ देऊ लागले. १९९९ साली लोकांनी त्यांना परत पाठवले. पुढे २००२ मध्ये पक्षाने विलासरावांच्या सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा ते मंत्रिपद सोडून मोकळे झाले. पद धरून ठेवण्यासाठी पक्ष बदलण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नसावा, असे मी त्यांच्या एकूण वागण्यावरून म्हणतो.

काही अभ्यासक या विजयांमागे केवळ जातीचे गणित पाहतात. तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि आबासाहेब त्या समाजातले होते, हे खरे. पण तसे असते तर १९७२ आणि १९९५चे पराभव झाले नसते, आणि इतर समाजांच्या वाड्यावस्त्यांतून त्यांना जी मते पडत ती पडली नसती. त्यांच्या कामातली उणीवही सांगितली पाहिजे. त्यांच्या उंचीचा दुसरा नेता त्यांच्या हयातीत तालुक्यात पक्षाला घडवता आला नाही. राज्यभर शेकाप आकसत गेला तो थोपवणे त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातले नव्हते, तरी सांगोल्यापुरता हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. पाणीही अजून सगळ्या गावांना सारखे पोचलेले नाही.

आता सन्मानाविषयी. विधिमंडळाची एक रीत आहे: दिवंगत सदस्यांबद्दल अधिवेशनाच्या आरंभी शोकप्रस्ताव मांडला जातो, सदस्य बोलतात आणि सभागृह उभे राहून आदरांजली वाहते. सांगोल्यात त्यांचा पुतळाही उभा राहिला आहे. हे सगळे योग्यच आहे, आणि अनावरणाची बातमी वाचताना माझेही डोळे भरून आले. पण आपण विचारले आहे म्हणून माझे मत सांगतो. विधानसभेच्या कामकाजाचे मुद्रित खंड विधिमंडळाच्या ग्रंथालयात आहेत. १९६२ पासूनची त्यांची पाणी, रोजगार हमी आणि शेतमालाच्या भावावरची भाषणे त्या खंडांतून वेचून, प्रश्न, मंत्र्यांची उत्तरे आणि पुढे झालेली कारवाई अशी शेजारी शेजारी मांडून, आमच्या महाविद्यालयांतल्या मुलांच्या हाती दिली पाहिजेत. आमदाराचे काम म्हणजे वाढदिवसाचे फलक आणि लग्नांतली हजेरी असे ज्या पिढीला वाटू लागले आहे, तिला आमदार सभागृहात नेमके काय करू शकतो हे तेथे दिसेल. मी स्वतः काही विद्यार्थ्यांना घेऊन हे काम करण्याची इच्छा बाळगून आहे, आणि आपल्याला त्यात रस असेल तर मला आनंद होईल.

कधी सांगोल्याला आलात तर आधी डाळिंबाच्या बागा पाहा. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली होती. तेव्हा आबासाहेब हयात होते. तेलकट डाग, मर आणि खोडभुंगेरा या रोगकिडींनी अलीकडे अनेक बागा उद्ध्वस्त केल्या आहेत, तरीही खडी फोडायला गेलेल्यांची नातवंडे आज फळबागांचा हिशेब मांडतात. त्यानंतर माण नदीच्या पुलावर जा. टेंभू योजनेचे आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटलेले असेल तर ऐन उन्हाळ्यातही खालच्या बंधाऱ्यात पाणी दिसेल, आणि काठावर उभ्या असलेल्या कोणाही म्हाताऱ्याला हे पाणी कोणी आणले म्हणून विचारले तर तो कोणाचे नाव घेतो ते आपणच ऐका.